पान उघडतंय, काउंटर वाढतोय, पण स्क्विडच्या लॉगमध्ये शुकशुकाट (एनएफटेबल्स + टीप्रॉक्सी, इंदूर)

राजवाडा_राउटर | शुक्रवार, रात्री ११.२०

मंडळी, नमस्कार. भंवरकुआंजवळच्या एका क्लासच्या लॅबचं नेटवर्क मी बघतो. २२ मशिनी, सगळ्यांवर उबंटू. पोरं महिन्याभरात त्यांची अशी वाट लावतात की पुन्हा सगळं नव्यानं चढवावं लागतं, आणि मग तीच ती अपडेटं २२ वेळा उतरतात. ही पॅकेजं साध्या एचटीटीपीवरून, ८० पोर्टवरून येतात (सह्या वेगळ्या तपासल्या जातात म्हणून चालतं), तेव्हा मधे कॅश (एकदा उतरलेलं साठवून पुढच्याला देणारी) बसवावी असं ठरवलं. फायरवॉल म्हणजे एक जुना डेस्कटॉप, दोन नेटवर्क कार्डं, डेबियन, एनएफटेबल्स (लिनक्समध्ये पॅकेटांना नियम लावायचं हत्यार). त्याच डब्यात स्क्विड, म्हणजे कॅश ठेवणारी प्रॉक्सी, मशिनी आणि इंटरनेटमधला मध्यस्थ.

पॅकेटं प्रॉक्सीकडे वळवायची रीडायरेक्ट ही पद्धत मुद्दाम टाळली. त्यात फायरवॉल पॅकेटवरचा जायचा पत्ताच खोडून स्वतःचा घालते, आणि मग प्रॉक्सीला मूळ पत्ता वेगळा विचारावा लागतो. टीप्रॉक्सी ही दुसरी पद्धत पॅकेटला हात लावत नाही, नुसतं उचलून प्रॉक्सीच्या सॉकेटला (प्रॉक्सी ऐकत बसते त्या टोकाला) नेऊन देते. म्हटलं, करायचंच तर नीट करू.

नियम असा: प्रीराउटिंगवर (पॅकेट आत आल्यावर, वाट ठरायच्या आधी), मँगलच्या प्रायॉरिटीची चेन (नियमांची यादी). त्यात टीसीपी, जायचा पोर्ट ८०, मग काउंटर (पॅकेटं मोजणारा), मग टीप्रॉक्सी ३१२९ कडे (हा स्क्विडचा पोर्ट), मग मार्क १ (पॅकेटवरची खूण), शेवटी अ‍ॅक्सेप्ट. आख्खी ओळ चिकटवत नाही. डोळे मिटून उचलणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच.

आता गंमत. लॅबच्या मशिनीवरून पान उघडतं. काउंटर वाढतो. आणि स्क्विडच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये एक ओळ नाही. चाललंय म्हणू की नाही?

गराडू | शुक्रवार, रात्री ११.४८

चाललंय. पान उघडतं आणि काउंटर हलतो, अजून काय पाहिजे भिया? प्रॉक्सीचं सॉकेट सापडलं नसतं तर टीप्रॉक्सीनं पॅकेट तिथंच टाकून दिलं असतं, पान उघडलंच नसतं. एका हॉटेलात मी हे आयपीटेबल्सवर (एनएफटेबल्सच्या आधीचं हत्यार) कितीतरी वर्षं चालवलंय. स्क्विड बंद पडला की पाच मिनिटांत रिसेप्शनवरून फोन यायचा. तू लॉगफाइलची परवानगी बघ, तिथंच अडलं असेल.

शेव_परमल | शनिवार, सकाळी ७.०५

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: फायरवॉलच्या डब्यावरूनच कर्ल (पान मागवायची कमांड) मारून बघितलं का? तेवढंच सोपं.

राजवाडा_राउटर | शनिवार, सकाळी ८.१५

गराडूदादा, परवानगी ठीक आहे. ब्राउझरमध्ये प्रॉक्सी म्हणून ३१२८ हातानं भरला की लॉगमध्ये लगेच ओळ पडते.

शेव_परमल, ते करून फसलोय. डब्यावरून निघालेलं पॅकेट आउटपुटनं बाहेर पडतं, प्रीराउटिंगला शिवतसुद्धा नाही. आणि टीप्रॉक्सी फक्त प्रीराउटिंगलाच चालते. त्यामुळे डब्यावर बसून केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही. गुरुवारची अर्धी रात्र त्यात गेली.

पीएफवाले_काका | शनिवार, सकाळी ९.३०

अरे, तुझा काउंटर कुठं बसलाय ते पुन्हा वाच. टीप्रॉक्सीच्या आधी. एनएफटेबल्सचा नियम डावीकडून उजवीकडे एकेक पायरी करत जातो. पोर्ट ८० जुळला, काउंटरनं एक वाढवला, मग टीप्रॉक्सीची पाळी. टीप्रॉक्सीनं मान हलवली की नाही हे त्या काउंटरला कळायला मार्गच नाही. दारावरचा वॉचमन मोजतोय किती माणसं लग्नाला आली, आणि तू त्यावरून पंगतीत किती जेवले ते सांगतोयस.

काउंटर उचल आणि टीप्रॉक्सीच्या उजवीकडे ठेव. बाकी काही बदलू नकोस. आकडा सांग.

राजवाडा_राउटर | शनिवार, सकाळी १०.१०

काका, शून्य. लॅबमधून दहा वेळा पान उघडलं, दहाही वेळा उघडलं, काउंटर शून्य. म्हणजे दोन दिवस मी जे ‘चालतंय’ म्हणत होतो ते प्रॉक्सीला वळसा घालून चालत होतं?

पीएफवाले_काका | शनिवार, सकाळी ११.०२

होय. गराडू म्हणतो तेही खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या गावचं आहे.

आयपीटेबल्सच्या टीप्रॉक्सीला योग्य सॉकेट सापडलं नाही तर ती पॅकेट टाकून देते. एनएफटेबल्सची टीप्रॉक्सी तसं करत नाही. ती तो नियम अर्ध्यात सोडते, आणि पॅकेट पुढच्या नियमाकडे जातं. तुझ्याकडे पुढे नियमच नाही, चेनची पॉलिसी अ‍ॅक्सेप्ट, तेव्हा पॅकेट निवांत राउट होऊन बाहेर. मार्क लागला नाही, कारण मार्कची पायरी टीप्रॉक्सीच्या नंतर होती. पोराला पान मिळालं, स्क्विडला पत्ता नाही. नाव तेच, काम तेच, पण नापास झाल्यावर वागणं नेमकं उलटं. आयपीटेबल्समधून आलेला माणूस इथं हमखास घसरतो.

थोडा इतिहास, कारण माझं वय झालंय. लिनक्सच्या २.२ कर्नलमध्ये (गाभ्यात) पारदर्शक प्रॉक्सी होती. २.४ मध्ये नेटफिल्टर (या दोन्ही टेबल्सच्या खालची यंत्रणा) आलं आणि ही सोय गेली. मग बाहेरचे पॅच लावून लोकांनी वर्षं काढली. आजची टीप्रॉक्सी मूळ कर्नलमध्ये शिरली ती २.६.२८ ला, डिसेंबर २००८ मध्ये. एनएफटेबल्सला ती मिळाली २०१८ मध्ये, ४.१९ ला. दोन्हींच्या मधे दहा वर्षं, आणि दोन वेगळी माणसं दोन वेगळे विचार करून लिहिणार, त्यात नवल नाही. मी स्वतः ओपनबीएसडी या वेगळ्या प्रणालीच्या पॅकेट फिल्टरवर, म्हणजे पीएफवर, वाढलो (डिसेंबर २००१, ३.० बरोबर आला). तिथं हेच काम डायव्हर्ट-टू करतं, पॅकेटला हात न लावता. तुमच्या लिनक्सवाल्यांची भांडणं मी लांबून बघतो.

आता मुद्द्याचं: सॉकेट का सापडलं नाही? स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये ३१२९ ची ओळ काय आहे?

गराडू | शनिवार, दुपारी १२.२०

कर्नलचा कोड काढून बघितला. काका बरोबर. जुन्या मॉड्यूलच्या शेवटी ड्रॉप (पॅकेट टाकून देणं) आहे, नव्यात ब्रेक (नियम अर्ध्यात सोडणं) आहे. माझी मात्र चूक म्हणणार नाही, माझं हॉटेल आयपीटेबल्सवरच आहे! आणि हो, नवीन डिस्ट्रोवर आयपीटेबल्सची कमांड खाली एनएफटीवर चालत असली तरी टीप्रॉक्सी टार्गेट आतून जुनंच मॉड्यूल बोलावतं, त्यामुळे तिथं अजूनही ड्रॉपच. दोन्ही हत्यारं एकाच डब्यात असणाऱ्यांनी जपून.

राजवाडा_राउटर | शनिवार, दुपारी १.४५

सापडलं आणि लाजही वाटली. ३१२९ च्या ओळीत ‘इंटरसेप्ट’ लिहिलं होतं. हे रीडायरेक्टच्या काळातल्या माझ्याच जुन्या फाइलमधून आलेलं. तिथं ‘टीप्रॉक्सी’ हवं होतं.

इंटरसेप्ट असताना स्क्विड त्या सॉकेटला आयपी-ट्रान्सपरंट हा पर्याय लावतच नाही. पोर्टवर ऐकणारा तर बसलेला दिसतो, पण टीप्रॉक्सीला नुसतं ऐकणारा चालत नाही, पारदर्शक म्हणून नोंदलेलाच लागतो. एसएस या सॉकेटं दाखवणाऱ्या कमांडच्या साध्या यादीत दोघे सारखेच दिसतात. आयनेट-सॉकऑप्टचा पर्याय दिल्यावरच ट्रान्सपरंट हा शब्द दिसतो किंवा दिसत नाही.

ओळ बदलली. काउंटर हलायला लागला. आणि आता एकही पान उघडत नाही. 😑

नर्मदा_लाइन | शनिवार, दुपारी २.३०

अभिनंदन, प्रगती आहे.

आयपी रूल आणि लोकल राउट आहे का अजून? की डबा रीस्टार्ट केल्यावर उडाले? मार्क १ असलेली पॅकेटं १०० नंबरच्या टेबलात पाठवायची, आणि त्या टेबलात एकच राउट: सगळी दुनिया ‘लोकल’, लो (डब्याच्या स्वतःच्या आतल्या) इंटरफेसवर. टीप्रॉक्सी पॅकेटला सॉकेट चिकटवते, पण राउटिंगला कोणी सांगितलं की हे आपलंच आहे? नाही सांगितलं तर ते फॉरवर्डच्या (डब्यातून आरपार जायच्या) वाटेला लागतं, आणि सॉकेट चिकटलेलं पॅकेट कर्नल फॉरवर्ड करत नाही, टाकून देतो. ना घर का ना घाट का.

आरपी-फिल्टरवरही (पॅकेटच्या मूळ पत्त्याकडे परत जायची वाट जुळते का ते तपासणारा) नजर टाक. इंटरफेसवर ० केलं आणि ‘ऑल’मध्ये १ राहिलं तर लागू होतो तो मोठा आकडा. नुसतं एका ठिकाणी ० करून लोक डोकं आपटत बसतात.

राजवाडा_राउटर | शनिवार, दुपारी ४.००

रूल उडालाच होता. काल लाइट गेली, डबा बंद झाला, कमांडी हातानं दिलेल्या. आता बूटवर लागतील असं केलं. आरपी-फिल्टर आधीच ०, तो निर्दोष सुटला.

आता स्क्विडच्या लॉगमध्ये ओळ येते, पण बऱ्याच वेळानं आणि टाइमआउट म्हणून. म्हणजे पोराचं पॅकेट स्क्विडपर्यंत पोचतं, पुढे काहीतरी हरवतं.

नर्मदा_लाइन | शनिवार, दुपारी ४.२०

परतीचा माणूस. टीप्रॉक्सीत स्क्विड बाहेर जाताना पोराच्या मशिनीचा पत्ता लावून जातो. सर्व्हरचं उत्तर परत येतं ते पोराच्या नावानं. फायरवॉल ते बिनदिक्कत पोराकडे फॉरवर्ड करते, पोराची मशीन म्हणते मी तर ही जोडणी केलीच नाही, आणि रिसेट पाठवते. स्क्विड बिचारा वाट बघत बसतो.

टीप्रॉक्सीच्या वर आणखी एक नियम हवा: ज्या पॅकेटसाठी डब्यावर पारदर्शक सॉकेट आधीच आहे, त्याला मार्क १ लावून अ‍ॅक्सेप्ट. ‘सॉकेट ट्रान्सपरंट १’. हा टीप्रॉक्सीच्या आधीच हवा.

राजवाडा_राउटर | शनिवार, सायंकाळी ५.०५

उघडलं!! लॉगमध्ये ओळ, काउंटरमध्ये आकडा, आणि दुसऱ्या मशिनीवर तीच पॅकेजं कॅशमधून. सर्वांचे आभार. धागा मिटवायला हरकत नाही.

घरची_प्रयोगशाळा | शनिवार, रात्री ९.४०

मिटवू नकोस रे. आज सकाळपर्यंत तू उघडणाऱ्या पानावर विश्वास ठेवत होतास, आता लॉगवर ठेवतोयस. पण उद्या नियम बदललास तर पुन्हा २२ मशिनींवर जाऊन पानं उघडून बघणार का? आणि तेही चालू क्लासच्या लायनीवर?

मी हे सगळं एका लॅपटॉपवर करते. तीन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशिनीतली वेगवेगळी नेटवर्कं): एकाचं नाव ‘पोरगा’, मधल्याचं ‘नाका’, तिसऱ्याचं ‘दुनिया’. व्हेथच्या (आभासी केबलच्या) दोन जोड्यांनी पोरगा–नाका आणि नाका–दुनिया जोडायचे. दुनियेला १९८.५१.१००.० चा पत्ता, हा पट्टा लिखाणात वापरायलाच राखून ठेवलाय, खऱ्या जगात कोणाला त्रास नाही. नियम फक्त नाक्यात. चुकलं तर नेमस्पेस पुसून टाकायची, घरचं वायफाय शाबूत. सासूबाईंची मालिका चालू असताना हे फार महत्त्वाचं. कर्नलमधल्या नेटफिल्टरच्या स्वतःच्या चाचण्याही अशाच नेमस्पेस मांडून चालतात.

आता खरी अडचण ऐक, कारण मी इथं आठवडाभर फसले होते. दुनियेत एक छोटा सर्व्हर ठेवला, जो येणाऱ्याचा पत्ता छापतो. वाटलं, सोपं आहे: पोरग्याचा पत्ता छापला की टीप्रॉक्सी पास. पण थांब. प्रॉक्सी पारदर्शक चालली तरी पोरग्याचा पत्ता छापला जातो, आणि पॅकेट प्रॉक्सीला चकवून थेट गेलं तरीही पोरग्याचाच. रीडायरेक्टमध्ये निदान नाक्याचा पत्ता छापून येतो, चोरी पकडली जाते. इथं पूर्ण यश आणि पूर्ण अपयश बाहेरून हुबेहूब सारखं दिसतं. पारदर्शक म्हणतात ते उगाच नाही.

मग मी काय केलं? नाक्याच्या फॉरवर्ड चेनमध्ये ८० पोर्टचं सगळं, जाणारं आणि येणारं, ड्रॉप केलं. प्रॉक्सीतून जाणारी वाहतूक फॉरवर्डमधून जातच नाही. ती इनपुटनं आत येते आणि आउटपुटनं बाहेर पडते. फॉरवर्डचं दार बंद असताना पान उघडलं, तर ते प्रॉक्सीतूनच उघडलं, दुसरा रस्ताच नाही. आणि तुझी तिन्ही दुखणी या एका दारात सापडली असती: इंटरसेप्टची चूक असती तर पान अडकलं असतं, राउट नसता तर अडकलं असतं, परतीचा नियम नसता तर उत्तर फॉरवर्डला येऊन मेलं असतं आणि तिथल्या काउंटरवर दिसलंही असतं.

एवढं झालं की मग मुद्दाम तोडायचं. स्क्विडऐवजी मी पायथनचं वीसेक ओळींचं काहीतरी लावते, त्यात ट्रान्सपरंटचा पर्याय एकदा लावून आणि एकदा न लावता. पहिल्यात उघडलंच पाहिजे, दुसऱ्यात अडलंच पाहिजे. जी चाचणी कधी नापास होत नाही तिच्यावर माझा भरवसा नाही. हा पर्याय लावायला नेट-अ‍ॅडमिनसारखा खास अधिकार लागतो, साध्या युजरनं चालवलं तर ‘परवानगी नाही’ म्हणून लगेच आपटतं, तेव्हा घाबरू नकोस.

पीएफवाले_काका | शनिवार, रात्री १०.१५

ताई, सलाम. ‘बाहेरून सारखं दिसतं’ हे मला पीएफवर इतकी वर्षं काढून एवढ्या सरळ शब्दांत सुचलं नव्हतं.

गराडू | शनिवार, रात्री १०.३०

+१. फक्त एक. स्क्विड आपणहून व्हाया हेडर (‘प्रॉक्सीतून आलंय’ असं सांगणारी ओळ) लावतो. दुनियेतल्या सर्व्हरला ते छापायला सांगितलं तरी फरक कळेल. पण कोणी व्हाया बंद करून ठेवलं असेल तर पुन्हा आंधळी कोशिंबीर, म्हणून फॉरवर्डचं दार जास्त पक्कं.

अभ्यासिका_तिसरा_मजला | रविवार, सकाळी १०.५०

मी तांत्रिक नाही, पण विद्यार्थिनी आहे, म्हणून विचारते. मागे मी राहायची त्या हॉस्टेलमध्ये कोणीतरी असंच ‘मधे’ काहीतरी बसवलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एमपीपीएससीचा (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचा) फॉर्म भरताना ब्राउझर सारखा सर्टिफिकेटची ताकीद देत होता, शेवटी मी एबी रोडवरच्या सायबरवाल्याकडे जाऊन भरला. तुमच्या लॅबमध्ये मुलं पासवर्ड टाकतात. तुम्हाला ते दिसणार का?

राजवाडा_राउटर | रविवार, सकाळी ११.३०

रास्त प्रश्न. मी फक्त ८० पोर्टला हात लावलाय. फॉर्म, बँक, मेल हे सगळं एचटीटीपीएसवर, ४४३ पोर्टवर, ते प्रॉक्सीकडे जातच नाही. तुमच्या हॉस्टेलवाल्यानं ४४३ मधे पकडून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे केलं असणार, ताकीद त्याचीच. तुम्ही फॉर्म तिथं भरला नाहीत ते उत्तम केलंत. पण कोणी साध्या एचटीटीपीच्या साइटवर पासवर्ड टाकलाच तर तो माझ्या डब्यातून उघडा जाईल, हे खरं. तसा तो वाटेत सगळ्यांनाच उघडा असतो.

लॅबच्या दारावर आज कागद लावतो: अपडेटसाठी कॅश आहे, साध्या एचटीटीपी साइटचे पत्ते लॉगमध्ये येतात, लॉग आठ दिवसांनी पुसतो.

नर्मदा_लाइन | रविवार, दुपारी १२.१०

त्यात भर. ४४३ पकडून आता फारसं हाती लागतही नाही. सर्टिफिकेट न टाकता फार तर साइटचं नाव दिसतं, आणि क्लायंट-हॅलो (जोडणीचा पहिला संदेश) झाकलेलं असेल तर तेही नाही. शिवाय एचटीटीपी/३ यूडीपीवर चालतं (२०२२ पासून प्रमाण आहे), टीसीपीचा नियम त्याला दिसतच नाही. टीप्रॉक्सी यूडीपीही पकडते, पण ते वेगळं पुराण.

तुझ्या कामाचं एवढंच: लॅबला आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) मिळतं का? मिळत असेल आणि नियम फक्त ४ साठी असेल तर अर्धी अपडेटं बाजूच्या दारानं निघून जातील. ६ साठीही टीप्रॉक्सी, आणि वेगळा रूल, वेगळा लोकल राउट. आणि नेमस्पेसची आख्खी चाचणी पुन्हा एकदा, ६ वर.

कट्ट्यावरचा | रविवार, दुपारी १.००

द्राविडी प्राणायाम. २२ मशिनींच्या एप्टला (पॅकेजं उतरवणाऱ्या कमांडला) एका फाइलीत प्रॉक्सीचा पत्ता सांगितला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

राजवाडा_राउटर | रविवार, दुपारी १.२०

मान्य. ती फाइल दर महिन्याला मशिनी नव्यानं चढवताना पुसली जाते, एवढीच सबब. आणि खरं सांगायचं तर शिकायचंही होतं.

राजवाडा_राउटर | मंगळवार, रात्री १०.०५

अपडेट. ताईंच्या पद्धतीनं पोरगा–नाका–दुनिया मांडलं. ४ आणि ६ दोन्ही पास, आणि मोडलं की दोन्ही नापास. मग घरच्या हुशारीनं खऱ्या डब्यावर टीप्रॉक्सीच्या खाली आणखी एक नियम टाकला: जे ८० पोर्टचं पॅकेट इथपर्यंत आलं ते मोजा आणि ड्रॉप करा. म्हटलं आता कोणी चुकून सुटणार नाही.

आज दुपारी स्क्विडची आवृत्ती बदलायला तो दोन मिनिटं बंद केला. बंद होता तोवर एका बॅचचं पॅकेजं चढवणं अर्ध्यात तुटलं, आणि सरांचा फोन: ‘नेट गेलं का? की तू काही करून राहिला आहेस?’

गराडू | मंगळवार, रात्री १०.१२

हॉटेलची आठवण झाली. 😄

पीएफवाले_काका | मंगळवार, रात्री १०.४०

तुझा डबा कॅश आहे, पहारेकरी नाही. पोरांना काही अडवायचं असतं तर ड्रॉप बरोबर होतं. तुला फक्त बँडविड्थ वाचवायचीय. प्रॉक्सी पडली तर पॅकेजं सरळ बाहेरून येऊ देत, थोडा डेटा जाईल एवढंच. ज्या वागण्यानं तुला दोन दिवस फसवलं, तेच तुझ्या कामाला योग्य आहे. ड्रॉप काढ, काउंटर ठेव.

राजवाडा_राउटर | मंगळवार, रात्री ११.००

काढला. आता दोन काउंटर आहेत: टीप्रॉक्सीच्या उजवीकडचा ‘पकडले’, त्याखालच्या नियमातला ‘सुटले’. सुटलेला वाढायला लागला की मला मोबाइलवर मेसेज येतो, सरांना काही कळत नाही. आत्ता सुटले: ०. स्क्विड मुद्दाम बंद करून बघितला: १४. पुन्हा चालू केला, १४ वरच थांबलाय.